बस्त्यावकाकांचा नियम चालत नाही

"बाय, तो परत आला."

निवृत्तीनंतर हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा मला कोणी 'जेवलीस का' असंही विचारलं नसेल. म्हणणारे उमेळ्याचे बस्त्यावकाका. परत येणारा म्हणजे मेल. आणि तो परत येऊ नये ही जबाबदारी, का कोण जाणे, माझी.

मी बत्तीस वर्षं एका औषध कंपनीच्या संगणक विभागात नोकरी केली. लोकांना वाटतं, संगणक विभाग म्हणजे काहीतरी डोकं चालवायचं काम. माझं निम्मं आयुष्य लोकांना नको असलेले मेल अडवण्यात आणि हवे असलेले मेल 'कुठे गेले, कुठे गेले' म्हणून शोधून देण्यात गेलं. निवृत्त होऊन वसईच्या घरी बसले, म्हटलं आता मोगरा लावू, भाचरांना खाऊ करून घालू. महिन्याभरात गावात बातमी पसरली की मार्सेलिनला मेल अडवता येतो. तेव्हापासून माझ्या ओट्यावर रविवारी चर्चमधली प्रार्थना, आमचा मिस्सा, सुटल्यावर जी रांग लागते, तेवढी डॉक्टरकडेही लागत नाही. डॉक्टर फी घेतो म्हणून असेल.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मेलच्या पेटीला नियम घालता येतो. अमुक पत्त्यावरून पत्र आलं तर आत घेऊ नको, तमुक शब्द दिसला तर बाजूला टाक. बाजूला टाकलेलं जिथे जातं त्या कप्प्याला स्पॅम म्हणतात. तिथे ते महिनाभर पडून राहतं आणि मग आपोआप नाहीसं होतं, कोणालाही न विचारता. हा नियम म्हणजे सोसायटीच्या दारावरचा वॉचमन समजा, पण असा वॉचमन की ज्याला जे सांगाल तेवढंच तो करतो. ओळखीचा चेहरा बघून सोडत नाही आणि शंका आली तर वर फोन करून विचारत नाही. त्यामुळे 'नियम चालत नाही' अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी नियम बघते आणि मग नियम घालणाऱ्याकडे बघते. बिघाड बहुतेक वेळा दुसऱ्या ठिकाणी असतो.

आमच्या शेजारच्या नातालीनचंच बघा. तिच्या नात्यातला एक परेरा तिला रोज सकाळी गुलाबाचं चित्र आणि सुविचार पाठवायचा. वैतागून तिने माझी वाट न बघता स्वतःच नियम घातला: पाठवणाऱ्याच्या नावात 'परेरा' असेल तर स्पॅम. आता आमच्या गावात परेरा हे आडनाव नाही, वस्ती आहे. आठवड्याने बाई माझ्याकडे आली ती रागाने लाल होऊन. कोणी उत्तरच देत नाही, सगळ्यांना गर्व झालाय. मी कप्पा उघडला तर आत अख्खं गाव. तिचा मुलगा, दीर, दाताचा डॉक्टर आणि आखातातून नवऱ्याने पाठवलेले अकरा मेल, शेवटचे तीन काळजीचे.

"नातालीन, तुझं आडनाव काय?"

"परेरा."

"मग नियम घालताना हे सुचलं नाही?"

"मी मला कशाला मेल पाठवू?" ती म्हणाली.

दुसरे एव्हरशाईन सिटीतल्या एका इमारतीचे सेक्रेटरी. माणूस भला, पण रहिवाशांनी छळलेला. मला फोनवर म्हणाले, "मॅडम, ये लोग ना पागल करून सोडतात यार. रोज तीच कंप्लेंट. पाणी, पाणी, पाणी. मी मस्त नियम लावला. मेलमध्ये 'पाणी' आलं की डायरेक्ट डिलीट. चार दिवस एकदम शांती."

"मग आता फोन का केलात?"

"आता खाली शंभर लोक बादल्या घेऊन उभे आहेत."

दोन दिवस पाणी येणार नाही, भरून ठेवा, ही सूचना मेलनेच आली होती. तिच्यात 'पाणी' होतं. टँकरवाल्याचा मेलही आला होता. त्यातही होतं. मी त्यांना सांगितलं की माणूस अडवायचा असेल तर त्याचा पत्ता अडवा. शब्द अडवू नका, नाव अडवू नका. ते म्हणाले, "पण मॅडम, कॉम्प्युटरला समजायला पाहिजे ना!" नाही समजत. बत्तीस वर्षं मी हेच सांगतेय, नाही समजत.

पण दुसऱ्याला हसताना माझं स्वतःचं एक पान उलटून जाणं बरं नाही. नोकरीत असतानाच गावातल्या एका शाळेची मेलपेटी मी सेवा म्हणून सांभाळत असे. जाहिरातींचा पाऊस पडायचा. एका शनिवारी, घाईत, वैतागाच्या भरात मी नियम घातला: अनोळखी पत्त्यावरून आलेला आणि सोबत काही जोडलेला मेल आला की पुसून टाक. पेटी लख्ख झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी माझं कौतुक केलं. रोशेल नावाच्या जुन्या विद्यार्थिनीने परदेशात नर्सिंगला जाण्यासाठी शाळेकडे मेलने दाखला मागितला होता, सोबत आपली जुनी गुणपत्रिका जोडून. एकदा मागितला, दोनदा मागितला, चार वेळा मागितला. चारही वेळा माझ्या नियमाने तिचा मेल पुसला. शाळेकडून उत्तर आलं नाही आणि तिची मुदत टळली.

पुढच्या वर्षी ती गेली, आज उत्तम नोकरीत आहे. पण तिचं ते वर्ष माझ्या नावावर आहे. तिची आई चर्चच्या आवारात भेटली तेव्हा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आम्हाला वाटलं शाळा कामात असेल, म्हणून आम्ही शाळेत येऊन नाय विचारलं." मी त्या दिवशी जेवले नाही.

त्यानंतर मी माझा एक रिवाज केला. आमच्याकडे लग्न ठरलं की आधी तीन रविवार चर्चमध्ये मुलामुलीची नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर तेवढ्यात सांगावी. तीन रविवारांत कोणी काही बोललं नाही तर मग लग्न. मी म्हटलं, जोडताना जर तीन रविवार थांबायचं, तर तोडताना का नाही? तेव्हापासून मी कोणाचाही पत्ता कायमचा पुसण्याआधी तीन रविवार नुसता स्पॅममध्ये टाकते. दर रविवारी मालकाने माझ्यासमोर तो कप्पा बघायचा. तिसऱ्या रविवारी मी विचारते, कोणाची हरकत? नसेल तर मग पक्का नियम: आला की पुसला, कुठे शिल्लक नाही. कंपनीतले साहेब या रिवाजाला हसायचे, पण त्यांनी तो मोडायला मला कधी सांगितलं नाही.

तर बस्त्यावकाका.

उमेळ्यात त्यांची वाडी आहे. केळी, थोडी भाजी, कुंपणाला सोनचाफा. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्यात, मध्ये हा माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी कमरेत कोयती खोचून उभा. माझ्या वडिलांचे मित्र, म्हणून काका. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला, जसा काही मेलेला उंदीर ठेवतायत.

"दुमिंगचं मेल बंद कर. मला त्याचं नावसुद्धा दिसायला नको. रविवार सकाळ सगळी खराब होते."

दुमिंग म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, ऑस्ट्रेलियात असतो. भांडण मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला होतं. वडिलांच्या वाडीचे दोन भाग झाले तेव्हा बावखल दुमिंगच्या भागात गेलं. परगावच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. वाडवडिलांनी खणलेलं. त्याच्यावर आजूबाजूची झाडं जगतात आणि विहिरीही गोड राहतात. दोन वर्षांपूर्वी दुमिंगने आपला भाग बिल्डरला दिला आणि बिल्डरने आठ दिवसांत बावखलात मातीचा भराव टाकला. काका आठही दिवस कुंपणाशी उभे होते म्हणतात. तेव्हापासून भावाशी बोलणं बंद. फोन येऊन येऊन थांबले. मग दुमिंगने मेल सुरू केले, दर रविवारी एक.

मी माझा रिवाज समजावला, पत्ता स्पॅममध्ये जाईल असा नियम घातला आणि त्यांना चहा दिला. पाच मिनिटांचं काम.

पुढच्या रविवारी: "बाय, तो परत आला."

बघते तर खरंच, मेल समोर, मुख्य पेटीत. आणि माझा नियम गायब. मोडलेला नाही, बिघडलेला नाही, मुळात नाहीच. मी म्हटलं, माझ्याकडूनच साठवायचा राहिला असेल. परत घातला. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्यांदा मी तो दोन वेगळ्या पद्धतींनी घातला, एक मोडला तर दुसरा धरेल म्हणून. दोन्ही गेले. मी फोन बंद करून चालू केला, ॲप काढून परत टाकलं. पासवर्ड बदलला, काकांनी तो माझ्यादेखत चर्चच्या कॅलेंडरमागे मोठ्या अक्षरांत लिहिला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. कंपनीत ज्या बाईने रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रणा सांभाळल्या, तिला एका म्हाताऱ्याच्या फोनमधला एक नियम टिकवता येईना. माझी झोप उडाली म्हटलं तर खोटं वाटेल, पण उडाली.

वर काकांचं बोलणं. "तुला जमत नसंल तर सांग. बोळिंजला एक पोरगी हाय म्हणतात, दुकानात बसते, पाच मिनिटांत करते."

"जा मग बोळिंजला."

"जायला रिक्षा कोण करंल?" आणि परत चहाला बसले.

एक गोष्ट सांगायला हवी. मी लोकांचे मेल वाचत नाही. कोणी पाठवलं, कधी पाठवलं आणि वरची विषयाची ओळ, एवढंच बघते. नोकरीत हीच माझी अब्रू होती. दुमिंगच्या मेलच्या विषयाच्या ओळी मात्र नजरेतून सुटत नव्हत्या. 'पाणी राहत नाही.' पुढच्या आठवड्यात 'अजून राहत नाही.' मग 'फोटो बघ.' मला वाटलं, घराची टाकी फुटली असेल. पण टाकी फुटल्याचं वसईला कळवून काय होणार?

मग मला संशय आला तो मोनिकाकाकूंचा. सरळ हिशेब. दिराशी नातं तोडायला त्या तयार नसणार, म्हणून नवऱ्याचा डोळा चुकवून नियम काढत असणार. मी मनात त्यांना शाबासकीही देऊन टाकली. एका बुधवारी मुद्दाम उमेळ्याला गेले. काका वाडीत होते, काकू ओट्यावर पावटे सोलत बसल्या होत्या.

"काकू, खरं सांगा, मी कोणाला सांगणार नाही. काकांचा फोन तुम्ही हाताळता ना?"

काकूंनी शेजारचा आपला फोन उचलून माझ्यापुढे धरला. बटनांचा, जुना, मागे रबर लावलेला. "ह्याच्यात मेल कुठून येतील गो? आणि त्यांचा फोन? त्यांच्या फोनला मी हात लावला तर जेवायचे नाय. रविवारी मिस्सावरून आले की तो फोन घेऊन मागे चाफ्याखाली जातात. हाक मारली तरी ओ देत नाय."

"चाफ्याखाली काय करतात?"

"ते त्यांना विचार. मी चाळीस वर्षं विचारते, मला तरी कुठं सांगतात?"

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, आणि स्वतःचाच इतका राग आला होता की विचारू नका. पहिल्या दिवशी जे बघायला हवं होतं ते मी शेवटी बघणार होते. मेलच्या खात्यात एक यादी असते: हे खातं कुठल्या कुठल्या फोनवरून उघडलं. रविवारी मी ती यादी उघडली. एकच फोन. काकांचा. दुसरं कोणीही, कधीही, त्या खात्यात शिरलेलं नव्हतं.

"काका, दुमिंगचा मेल स्पॅममध्ये गेला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? बघतो."

"बघता?"

"गेला की नाय ते बघायला नको?"

"बरं. बघता. मग?"

"मग त्याच्यात फोटो असतात ते दिसत नाय. नुसते चौकोन. मग वर एक बटन येतं, बाहेर काढू का विचारतं. ते दाबतो. मग अजून काय काय विचारतं इंग्लिशमध्ये, ह्याला परत येऊ देऊ का बिऊ का. सगळ्याला हो म्हणतो. मग फोटो दिसतात."

मी डोकं धरून बसले. स्पॅममधल्या पत्रातले फोटो पेटी मुद्दाम झाकून ठेवते. फोटो बघण्यासाठी हा माणूस दर रविवारी आपल्या हाताने भावाला स्पॅममधून बाहेर काढत होता, त्याच्यावरची बंदी उठवत होता आणि मग माझ्याकडे येऊन, माझा चहा पिऊन, माझा नियम चालत नाही म्हणून मला बोलत होता. सात रविवार!

"काका, मेल बंद कर कोण म्हणालं मला?"

"मी."

"आणि उघडतं कोण?"

"बंद कर म्हणालो. मी बघू नये असं कुठं म्हणालो?"

माझा आवाज इतका चढला की नातालीन कुंपणावरून डोकावली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी अक्कल, माझे बत्तीस वर्षांचे कष्ट, बोळिंजची पोरगी, सगळं त्यात आलं. काका ऐकत राहिले. मग चिडले, कारण चूक दाखवली की आमच्याकडे पुरुष चिडतात.

"मग कर पक्का! आला की पुसून टाक. मला बघायचाच नाय. कर आत्ता."

बोट बटनापर्यंत गेलं होतं माझं. वैताग एवढा होता की केलं असतं. पण रोशेलच्या आईचा चेहरा आठवला. "तीन रविवार," मी म्हटलं. "आजपासून मोजायचे. यावेळी बाहेर काढायचं बटन दाबायचं नाही. तिसऱ्या रविवारी या, मी पुसते. मग भाऊ संपला."

'संपला' म्हणायला नको होतं, पण म्हणून गेले.

पहिल्या रविवारी काका आले, मेल स्पॅममध्ये होता, कोणी हात लावलेला नव्हता. माझा नियम जागेवर. दुसऱ्या रविवारी तसंच. काकांच्या फोनमध्ये पहिल्यांदा माझा नियम चालत होता आणि मला त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. काका चहासुद्धा न पिता गेले. संध्याकाळी काकूंचा फोन आला, 'यांना काय केलंस गो?' म्हणून त्यांनी मलाच विचारलं. दिवसभर वाडीत नुसते फिरतायत, कोयती हातात, कापत काही नाहीत.

तिसऱ्या रविवारी ते आले तेव्हा मी कप्पा उघडला. सर्वांत वर दुमिंगचा नवा मेल. विषयाची ओळ: 'शेवटचं विचारतो.'

फोन त्यांच्याकडे वळवून मी ती ओळ दाखवली. माझा रिवाज मी पाळला. "तिसरा रविवार, काका. कोणाची हरकत?"

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्यातला फोटो उघड."

"उघडला तर—"

"उघड म्हणतो ना!"

उघडला. दुमिंगच्या घराचं मागचं अंगण. मधोमध खणलेला एक खड्डा, फार तर कमरेएवढा. तळाला निळं प्लास्टिक अंथरलेलं आणि काठावर नळाची हिरवी नळी हातात धरून सत्तरीचा दुमिंग, हाफ पँटमध्ये, चेहरा रडवेला. मेल काकांनीच मला वाचून दाखवायला लावला. चार ओळी होत्या. बावखल खणतोय, चार महिने झाले, पाणी टिकत नाही, रोज ओततो आणि सकाळी जातं. बाबा तळाला काय घालायचे, एवढं सांग. हे शेवटचं विचारतो, उत्तर नसेल तर परत त्रास देणार नाही.

काका फोटोवर वाकले. मग त्यांच्या मानेची शीर फुगली.

"नळाचं पानी ओततो! प्लास्टिक घालून! बघितलंस? बावखलात पानी ओतायचं असतं? भरायला ते काय पिंप हाय? अरे, खाली जायचं असतं, खाली! पानी खालून येतं! बाबांच्या मांडीवर बसून बघितलंय गाढवाने, आणि विचारतो तळाला काय घालायचे!" ते उठून ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले. "चार महिने मी बघतो, हा नळी घेऊन उभा. चार महिने! माझं डोकं फिरायची वेळ आली."

तेव्हा मला कळलं की दर रविवारी हा माणूस चाफ्याखाली बसून काय बघत होता. जिभेवर उत्तर तयार, आणि द्यायचं नाही.

"मग सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"मी त्याच्याशी बोलत नाय."

"बोलू नका. मी लिहिते."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'प्लास्टिक काढ. नळ बंद कर. जमीन बघ, ओल लागते तिथे खण, खाली जा. पानी खालून येतं.' खाली नाव घालू का विचारलं तर म्हणाले, नको, कळंल त्याला. मी पाठवून दिलं, पक्का नियम घातला नाही, आणि काकांनी त्याबद्दल विचारलं नाही. त्या दिवशी दोन कप चहा प्यायले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी मिस्सा सुटायच्या आधीच काका दारात.

"बाय, तुझा नियम चालत नाय."

"आता काय झालं?"

"आज काहीच आलं नाय. आत पन नाय आणि कचऱ्यात पन नाय. तूच कुठंतरी पुसलंस."

मी सगळं बघितलं. कप्पे, कचरा, नियम, यादी. काही पुसलेलं नव्हतं, काही अडलेलं नव्हतं. दुमिंगने लिहिलंच नव्हतं. 'उत्तर नसेल तर परत त्रास देणार नाही' म्हणाला होता, आणि उत्तर तर आपण पाठवलं होतं. आमच्या धंद्यातली सर्वांत अवघड तक्रार कुठली विचाराल तर ही. आलेला मेल अडवता येतो, हरवलेला शोधता येतो. जो आलाच नाही तो कुठून काढून देऊ?

काका खुर्चीच्या टोकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. ते म्हणाले, "रागावला असंल. गाढव म्हणालो ना मी."

"गाढव लिहिलं नव्हतं, काका."

"नाय लिहिलं?"

"नाही. मी गाळलं."

त्यांचं तोंड इतकं बारीक झालं की मला बघवेना. आणि मी ते केलं जे बत्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. न बघता, न तपासता, नुसत्या अंदाजाने कारण सांगितलं.

"काका, तुमचं उत्तर त्याच्या स्पॅममध्ये पडलं असणार."

"त्याच्या?"

"हो. तुम्ही दोन वर्षांत त्याला एकही मेल पाठवला नाही. त्याच्या पेटीला तुमची ओळखच नाही. टाकलं असेल बाजूला. त्याने कप्पा उघडून बघितलं तरच सापडेल. आणि महिन्याभरात पुसलं जाईल."

"मग दुसरा मेल पाठव, कप्प्यात बघ म्हणून."

"तोही कप्प्यातच जाईल."

जगात ज्याने ज्याने मेल पाठवलाय त्याला हे ठाऊक आहे, की 'स्पॅममध्ये बघा' हे मेलने सांगता येत नाही. त्याला एकच उपाय आहे आणि तो मी त्यांना सांगितला नाही. मी नुसता फोन त्यांच्या हातात दिला.

खरं म्हणजे उत्तर दुमिंगच्या स्पॅममध्ये होतं की पेटीत समोरच होतं आणि तो वाचून गप्प बसला होता, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. माझ्या नोकरीच्या हिशेबाने हा सरळ सरळ खोटेपणा आहे.

काकांनी नंबर लावला. आवाज इतका मोठा ठेवतात की पलीकडची घंटा मला ऐकू येत होती. तीनदा वाजली. पलीकडे कोणीतरी उचलला, पण 'हॅलो' आलं नाही. इकडूनही गेलं नाही. दोघेही दोन वर्षं घट्ट मिटलेली तोंडं घेऊन बसले होते, आणि मला वाटलं, गेलं, आता ठेवतात.

मग काका ओरडले, "अरे, तुझ्या कचऱ्यात बघ! मी लिहिलंय!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग दुमिंगचा घोगरा आवाज, "बस्त्याव?"

"कचऱ्यात बघ म्हणतो ना. सापडलं? नाय सापडलं तर राहू दे, मी सांगतो. नळ बंद कर आधी. बंद केलास? मग जा, कर. मी धरतो फोन."

आणि भाऊ अंगणात जाऊन नळ बंद करून येईपर्यंत काका फोन कानाला लावून, माझ्या ओट्यावर, टोपी गुडघ्यावर ठेवून वाट बघत बसले.